खासगी रुग्णालयात रुग्णाचे हक्क: कोणत्या टप्प्यावर काय मागायचं, कसं मागायचं

रुग्णहक्कांची सनद आता बऱ्याच रुग्णालयांत भिंतीवर लागलेली दिसते. तरीही डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर आवाज चढतात, आणि दोन महिन्यांनी तक्रार करायची म्हटली तर घरच्यांकडे डिस्चार्ज कार्डाशिवाय एकही कागद नसतो. बहुतेक वेळा चूक तीच असते: मागणी उशिरा झालेली असते, आणि तीही तोंडी. दरपत्रक दाखल होताना मागायचं असतं, संमतीपत्र सहीआधी वाचायचं असतं, योजनेचं नाव पहिल्या दिवशी काढायचं असतं. हा क्रम चुकला की हक्क कायद्यात राहतो, पण हाताला लागत नाही.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांसाठी आहेत.

## तयारी: एक फाइल, एक माणूस

घरात आधीच एक फाइल करून ठेवा. तिच्यात असावं: आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, विमा पॉलिसी, आधीच्या आजारांचे रिपोर्ट, आणि एका कागदावर चालू औषधांची यादी. यादीत गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

इथेच रुग्णाची पहिली जबाबदारी येते. रक्त पातळ करणारी गोळी, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषध, तंबाखू, दारू, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिॲक्शन, यातलं काहीही लपवू नका. मेडिक्लेम अडकेल या भीतीने मधुमेह लपवणारे बरेच असतात. साखर तर रक्तात दिसतेच, त्यामुळे क्लेम त्याच कारणाने नाकारला जातो. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना अपुऱ्या माहितीवर काम करावं लागतं, ही त्याहून मोठी जोखीम.

दुसरी गोष्ट: रुग्णालयाशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. चार नातेवाईक चार वेळा विचारतात, प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर मिळतं आणि भांडणाची सुरुवात तिथून होते. या माणसाने एका वहीत तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय सांगितलं हे लिहीत जावं.

## टप्पा १: दाखल होताना

जीव धोक्यात असेल तर आधी प्राथमिक उपचार, मग कागद आणि पैसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे, आणि ते सरकारी-खासगी दोघांनाही लागू आहे. अपघाताची केस आहे, पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असं म्हणता येत नाही. खाट किंवा तज्ज्ञ नसेल तर रुग्णाला स्थिर करून दुसरीकडे पाठवता येतं, पण त्यासोबत काय उपचार दिले याची चिठ्ठी हवी. ती मागून घ्या. पुढच्या रुग्णालयात तीच चिठ्ठी वेळ वाचवते.

आधी ठरवून दाखल होत असाल तर दाखल होण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या:

१. दरपत्रक. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णालयाने मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे.

२. अंदाजपत्रक. पॅकेज असेल तर त्यात किती दिवस धरले आहेत, आयसीयू धरलं आहे का, इम्प्लांट (शरीरात बसवायची वस्तू) आणि औषधं आत आहेत की बाहेर, हे एकेक विचारा. "साधारण दीड लाख" हे अंदाजपत्रक नव्हे.

३. डिपॉझिटची पावती. रकमेसोबत रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यावर आहे ना ते पाहा. एका उपचारासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. मोठी रक्कम बँकेतूनच द्या, पुरावाही आपोआप राहतो.

> तपासा: खोलीचं भाडं विमा पॉलिसीच्या मर्यादेत आहे का? पॉलिसीत रोजचं भाडं ५,००० रुपये मंजूर असेल आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार यांसारखे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे इथे निम्मे, कापले जाऊ शकतात. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत. ५,००० हून जास्त भाड्याच्या खोलीवर, आयसीयू सोडून, जीएसटीही लागतो.

## टप्पा २: पैसे कोणत्या दाराने येणार ते पहिल्याच दिवशी ठरवा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून हा टप्पा जरा सावकाश वाचा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारतशी जोडल्यानंतर या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना ती खुली झाली आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही, असं गृहीत धरू नका. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सहभागी, असावं लागतं आणि आजार योजनेच्या यादीत असावा लागतो. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. दाखल झाल्याबरोबर रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जा. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन करा.

> इशारा: ही योजना रोकडरहित आहे. स्वतः बिल भरून नंतर योजनेतून पैसे परत मागायची सोय तिच्यात नाही. आणि एकदा योजनेत मंजुरी मिळाली की त्याच उपचारासाठी "वरचे" पैसे मागता येत नाहीत. मागितले तर पावती मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

धर्मादाय रुग्णालय. मुंबई, पुण्यातली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यासाची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांना ३,६०,००० रुपये आहे. यासाठीचा पैसा आकाशातून येत नाही: प्रत्येक बिलातले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे असतात.

अर्ज रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे करायचा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड. तातडीच्या रुग्णाला या रुग्णालयांनी डिपॉझिट न मागता दाखल करायचं आहे. "खाटा भरल्या आहेत" हे उत्तर मिळालं तर तेच अर्जावर लिहून सही करून मागा, आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाशी संपर्क साधा. डिस्चार्जच्या दिवशी दाखला घेऊन गेलात तर बिल तोवर सर्वसाधारण दराने तयार झालेलं असतं आणि सगळं उलटं फिरवावं लागतं.

खासगी विमा. कॅशलेससाठी रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) कागद लगेच द्या. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या मागणीवर कंपनीने एका तासात, आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. तीन तासांहून उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. म्हणून रुग्णालयाने अंतिम बिल कंपनीला किती वाजता पाठवलं, ती वेळ विचारून वहीत टिपा. अनेकदा कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात आणि बिल अजून रुग्णालयाच्याच संगणकात असतं.

## टप्पा ३: संमतीपत्र, सहीआधी

सिस्टर पाच-सहा कागद आणतात, "इथे, इथे आणि इथे" म्हणतात आणि नातेवाईक सह्या करून मोकळे होतात. हा कागद फक्त रुग्णालयाच्या बचावासाठी नसतो. तुमचं शरीर, त्यावर काय होणार, याचा तो करार आहे.

कुणी सही करायची? रुग्ण प्रौढ आणि शुद्धीवर असेल तर रुग्णाने स्वतः. समीरा कोहली खटल्यात एका स्त्रीची दुर्बिणीने फक्त तपासणी ठरली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर रुग्ण शुद्धीवर यायची वाट पाहायला हवी. गर्भपातासाठीही १८ वर्षांवरील स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

सहीआधी कागदावर हे पाहा:

- शस्त्रक्रियेचं नाव आणि बाजू, डावी की उजवी, हाताने भरलेली आहे का. कोरी जागा असेल तर सही नको.
- धोके, पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल, हे तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगितलं का. छापील इंग्रजी कागदाखाली "मला मराठीत समजावून सांगितले" असं लिहिलेलं असेल आणि कुणी सांगितलेलं नसेल, तर आधी डॉक्टरांना बोलवा.
- "आवश्यक वाटेल ती इतर कोणतीही शस्त्रक्रिया" अशी ओळ आहे का. असल्यास तिचा नेमका अर्थ विचारा आणि तिच्यापुढे "फक्त जिवाला धोका असल्यास" असं लिहून सही करा.
- भूल आणि रक्त देणे यांची संमती वेगळी आहे का. एचआयव्ही तपासणीसाठीही वेगळी, माहिती देऊन घेतलेली संमती लागते.

मग सही, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका. संमती शस्त्रक्रियेआधी तासभर घेतली की रुग्ण थिएटरच्या दारात असताना, हे त्यावरूनच कळतं. सही केलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो मागून घ्या.

> इशारा, घरच्यांसाठी: उपाशी ठेवायला सांगितलं म्हणजे चहाही नाही. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी हलकं खाणं साधारण सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. दुधाचा चहा सहा तासांच्या हिशेबात धरतात, पाण्याच्या नव्हे. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. "घोटभरच दिला" असेल तरी डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, त्याने चिडू नका.

## टप्पा ४: मुक्कामात रोजचा हिशेब

एक दिवसाआड चालू बिल मागा. आठव्या दिवशी एकदम आकडा पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी "हे कशाचं?" विचारणं दोघांनाही सोपं जातं. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत:

- एकाच तपासणीची दोनदा नोंद, किंवा बिलात असलेली पण रिपोर्ट नसलेली तपासणी.
- पाहुण्या तज्ज्ञाच्या भेटी. वहीतल्या नोंदीशी ताळा करा.
- औषधं. वॉर्डमध्ये मागवलेली आणि रुग्णाला दिलेली यांत फरक पडतोच. न वापरलेली परत गेली की रिटर्नचं बिल घ्या.
- पॅकेजमध्ये असलेल्या हातमोजे, सिरिंजसारख्या वस्तूंचं पुन्हा वेगळं बिल.

औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही, सनदेत तसा हक्क स्पष्ट आहे. बाहेरून आणत असाल तर मात्र पक्कं बिल, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून आणा, आणि थंड ठेवायची औषधं बर्फाच्या पिशवीतून आणा. स्टेंट, गुडघ्याचा सांधा, डोळ्यातली लेन्स अशा इम्प्लांटच्या खोक्यावर स्टिकर असतो. त्यावर कंपनी, मॉडेल आणि क्रमांक असतो. एक स्टिकर तुमच्या फाइलमध्ये हवाच. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, पण कोणता बसवला हेच माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार?

दुसरं मत हवं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि बरेच डॉक्टर स्वतःहून मदत करतात. तोवरच्या नोंदींची प्रत, सीटी किंवा एमआरआयची सीडी घ्या. फक्त छापील रिपोर्ट नेऊन भागत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं स्वतः पाहायची असतात. कर्करोगाच्या बायोप्सीत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात जपलेला) दोन्ही मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरची बायोप्सी पुन्हा तपासली जाते, ब्लॉक नसेल तर माणूस गावाहून आलेला तसाच परत जातो.

## टप्पा ५: डिस्चार्ज

अंतिम बिल तपशीलवार मागा, एका ओळीचं नको. चालू बिलं जवळ ठेवून ताळा करा, हरकत असेल तर बिलाच्या प्रतीवर लिहून पोच घ्या. डिस्चार्ज कार्डात निदान, शस्त्रक्रियेची तारीख, पुढची औषधं, पुन्हा केव्हा यायचं आणि कोणती लक्षणं दिसल्यास लगेच यायचं, हे असलं पाहिजे.

बिलावर वाद आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. कुणाला जाऊ न देणं हा बेकायदेशीर अटकावाचा गुन्हा आहे. मृतदेह बिलासाठी अडवायलाही राज्याच्या नियमांत मनाई आहे. असं झालं तर ११२ वर फोन करा. पण बाकी रक्कम माफ होत नाही, हेही लक्षात ठेवा. हरकत नसलेली रक्कम भरा, उरलेल्यासाठी मुदत मागणारं पत्र द्या. रुग्णालयालाही ते पैसे रीतसर मार्गाने वसूल करायचा हक्क आहे.

डॉक्टरांचं मत नसताना घरी जायचं असेल तर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर सही करावी लागते. जाता येतं, मात्र विम्याचा क्लेम त्यावर अडू शकतो. आधी टीपीए डेस्कवर विचारा.

> मृत्यूबद्दल शंका असेल तर: शवविच्छेदनाचा निर्णय अंत्यसंस्काराआधीच घ्यावा लागतो. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तो क्षण फार कठीण असतो, पण नंतर मृत्यूचं कारण सिद्ध करायला दुसरा तितका भक्कम पुरावा मिळत नाही.

## टप्पा ६: केस पेपर मिळवणे

डिस्चार्ज कार्ड हा सारांश आहे. खरी नोंद केस पेपरात असते: कोणत्या वेळी नाडी किती होती, सिस्टरनी डॉक्टरांना केव्हा कळवलं, औषध केव्हा दिलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात. तीन वर्षांची वाट पाहत बसू नका, डिस्चार्जच्या आठवड्यातच अर्ज करा. अर्ज असा:

> प्रति, वैद्यकीय अधीक्षक.
> विषय: आंतररुग्ण नोंदींच्या संपूर्ण प्रती मिळण्याबाबत.
> मी (नाव), नोंदणी क्रमांक (…), दिनांक (…) ते (…) आपल्या रुग्णालयात दाखल होतो/होते. खालील कागदांच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत द्याव्यात: दाखल होतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा व तपमान-नाडीचा तक्ता, संमतीपत्रे, शस्त्रक्रिया व भूल यांच्या नोंदी, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट व चित्रे, तपशीलवार बिल. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे.
> सही, दिनांक, वेळ.

कारण लिहायची गरज नाही. दोन प्रती करा, एकीवर सही, शिक्का, तारीख आणि वेळ अशी पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. ७२ तास पोच मिळाल्यापासून मोजायचे, आणि तोंडी मागणीची पोच कुठेच नसते.

अर्ज नाकारला जाण्याचं सर्वांत सामान्य कारण रास्त असतं: अर्ज मुलगा करतो आणि रुग्णाचं अधिकारपत्र जोडलेलं नसतं. गोपनीयता जपणं रुग्णालयाचं कर्तव्य आहे. रुग्ण हयात असेल तर त्याच्या सहीचं पत्र, नसेल तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि ओळखपत्र जोडा. सरकारी रुग्णालयात हेच काम माहिती अधिकाराच्या अर्जानेही होतं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

> तपासा: प्रती हातात आल्यावर तिथेच पानं मोजा आणि पानांना क्रमांक घाला. मधले दिवस गळले आहेत का, खाडाखोडीवर सही आहे का ते पाहा. काही कमी असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

## टप्पा ७: तक्रार, योग्य दारात

एकच पत्र पाच ठिकाणी पाठवलं तर पाचही जण "हे आमच्याकडे नाही" म्हणतात. आधी रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवा, मग:

- दरपत्रक नसणं, नोंदी न देणं, अडवून ठेवणं: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक.
- डॉक्टरांचं व्यावसायिक वर्तन: महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती नोंदणी निलंबित करू शकते, नुकसानभरपाई देऊ शकत नाही.
- विम्याचा नाकारलेला क्लेम: आधी कंपनीचा तक्रार कक्ष, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल.
- नुकसानभरपाई: जिल्हा ग्राहक आयोग.

ग्राहक आयोगाची मुदत घटनेपासून दोन वर्षं. परिषदेचा निकाल येईपर्यंत थांबणारे अनेकजण ही मुदत घालवून बसतात. दोन्ही तक्रारी समांतर चालतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, उपचार दुसऱ्या शहरात झाले असले तरी. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे, आणि ती तुम्ही दिलेल्या बिलावर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा मिळते, त्याविरुद्ध मात्र ग्राहक कायद्याखाली जाता येत नाही.

दावा लावण्याआधी त्याच शाखेच्या एखाद्या तज्ज्ञाकडून केस पेपर वाचून घ्या आणि शक्य असेल तर लेखी मत मिळवा. उपचारांचा परिणाम वाईट झाला म्हणजे हलगर्जी झाली असं होत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशल डॉक्टर जे करेल ते झालं नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं.

फौजदारी तक्रारीने सुरुवात करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं, आणि ढोबळ हलगर्जीच गुन्हा ठरते. हात उचलणं किंवा तोडफोड तर मुळीच नको. २०१० च्या राज्य कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. त्या एका प्रकारानंतर रुग्णाची बाजू कितीही खरी असली तरी सुनावणीत आधी मारहाणच चर्चेला येते.